रानघोड्याची आयाळ : ताईचीतले डाव आणि त्यांचे अर्थ

ताईची म्हटले की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पहाटेची बाग, सैल कपड्यांतली वयस्कर माणसे आणि पाण्याखाली चालल्यासारख्या त्यांच्या संथ हालचाली. गुडघे धरलेल्यांना, चालताना तोल जाणाऱ्यांना डॉक्टरही हल्ली हा व्यायाम सुचवतात. या चित्रात खोटे काही नाही. मात्र या प्रकाराचे पूर्ण चिनी नाव ‘ताईचीछुआन’ असे आहे आणि ‘छुआन’ या शब्दाचा अर्थ आहे मूठ. मूठ म्हणजे मुष्टियुद्ध, हातघाईची लढाई. आजीआजोबांच्या व्यायामाच्या नावात ही मूठ कुठून आली?

गेली काही वर्षे मी ताईचीचा सराव करतो आणि जवळजवळ तितकाच वेळ तिच्याविषयीच्या वाचनात घालवतो. दोन्हींतून एकच प्रश्न वारंवार समोर येत गेला. या संथ हालचाली खरोखर लढाईतले डाव आहेत काय? असतील तर ते कसे चालतात, आणि आज ते सहसा चालताना का दिसत नाहीत? या लेखात मी त्याचे उत्तर मांडतो आहे. चिनी नावे शक्यतो मूळ उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत.

आधी नावातला एक गैरसमज दूर करू. ताईचीतला ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. प्राण किंवा श्वास या अर्थाचा चिनी शब्द वेगळा आहे. त्याचा उच्चार ‘छी’ असा होतो आणि त्याचे अक्षरही निराळे. ‘ताईची’तल्या ‘ची’ या अक्षराचा जुना अर्थ घराचे आढे, म्हणजे छपराच्या दोन्ही उतरणी जिथे मिळतात ते सर्वांत उंच लाकूड. त्यावरून परमोच्च टोक हा अर्थ आला. यिन आणि यांग या दोन बाजू जिथून फुटतात ते आढे म्हणजे ताईची. एक बाजू भरली की दुसरी रिती होते, हा विचार या युद्धकलेत तत्त्वज्ञान म्हणून नंतर येतो. आधी तो पायांत येतो. एका पायावर भार, दुसरा मोकळा. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

बत्तीस आकृत्या

ताईचीचा जनक म्हणून चांग सानफंग या ताओपंथी साधूचे नाव घेतले जाते. वूतांग पर्वतावर त्याने साप आणि पक्षी यांची झुंज पाहिली आणि त्यातून ही कला सुचली, अशी कथा आहे. तिला शह दिला थांग हाओ या चिनी इतिहासकाराने. १९३० साली त्याने शाओलिन आणि वूतांग या दोन्ही परंपरांच्या उगमकथा तपासणारे पुस्तक लिहिले. त्याच्या चिकित्सेतून चांग सानफंग सुटला नाही, तसा आपला बोधिधर्मही सुटला नाही.

बोधिधर्माबद्दल इथे थोडे सांगायला हवे, कारण ‘कुंग फू मूळची आपलीच’ हे वाक्य भारतात मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. बोधिधर्म हा ध्यानमार्गाचा भिक्षू. त्याचा संबंध अंगमेहनतीशी जोडणारा ‘स्नायूंच्या परिवर्तनाचे सूत्र’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला. त्याला जोडलेली जुन्या तारखांची प्रस्तावना बनावट असल्याचे चिनी पंडितांनीच दाखवून दिले आहे. बोधिधर्माने मुष्टियुद्ध शिकवले ही समजूत लोकांत पसरली ती आणखी उशिरा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तिला हातभार लावला ‘लाओ त्सानचा प्रवास’ या लोकप्रिय कादंबरीने. भारताचा ठसा चिनी युद्धकलांवर आहे, पण तो बौद्ध धर्माच्या वाटेने आलेल्या शब्दांत आणि प्रतिमांत. त्याचे एक उदाहरण पुढे येईल.

थांग हाओ कथा मोडून थांबला नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तो हनान प्रांतातल्या वन तालुक्यात, पीत नदीच्या उत्तरेला असलेल्या छनच्यागौ या गावी गेला. गावाचे नाव म्हणजे ‘छन घराण्याची घळ’. तिथे त्याने वंशावळी आणि घराण्यातल्या हस्तलिखित नोंदी पाहिल्या आणि ताईचीचा उगम छन वांगथिंग या सतराव्या शतकातल्या लष्करी अधिकाऱ्यापर्यंत नेऊन पोचवला. या निष्कर्षावर आजही वाद आहेत. पण छन घराण्याच्या डावांची यादी आणि एका जुन्या लष्करी ग्रंथातली यादी त्याने शेजारी ठेवली, ती तुलना महत्त्वाची आहे.

तो ग्रंथ सेनापती छी चीग्वांग याचा. काळ साधारण १५६०. चीनच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा ‘वोखौ’ चाच्यांनी धुमाकूळ घातला होता. त्यांच्याशी लढण्यासाठी छीने यीवू भागातले शेतकरी आणि खाणकामगार भरती केले, त्यांना ढाल, भाला आणि फांद्यांसकट बांबूचा लांब सोटा देऊन लहान लहान तुकड्यांत लढायला शिकवले. या अनुभवावर लिहिलेल्या ग्रंथात एक प्रकरण निःशस्त्र लढाईवर आहे. त्यात बत्तीस पवित्रे आहेत, प्रत्येकासोबत चित्र आणि काही ओळींचे पद्य. हे पवित्रे त्याने एका घराण्यातून घेतलेले नाहीत; तेव्हा प्रसिद्ध असलेल्या अनेक घराण्यांतून निवडले आहेत. या बत्तिसांपैकी एकोणतीस पवित्रे छन घराण्याच्या प्रकारांत आढळतात, असे थांग हाओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

छी चीग्वांगचे या प्रकरणातले म्हणणे मला फार मोलाचे वाटते. रणांगणावर हात-पायांच्या लढाईचा फारसा उपयोग नाही, हे तो आरंभीच सांगून टाकतो. तरीही शिपायाने ती आधी शिकावी, कारण त्याने अंग मोकळे होते, कष्टाची सवय लागते आणि पुढे हत्यार हाती घेणे सोपे जाते. १५८४च्या सुमारास त्याने ग्रंथाची नवी आवृत्ती केली, तेव्हा हे प्रकरण त्यात राहिले नाही. म्हणजे ज्या यादीतून ताईचीचे डाव आले, तिचा कर्ताच त्यांच्याकडे अतिशय व्यवहारी नजरेने पाहत होता. गूढ शक्तीची भाषा त्याच्याकडे नाही. ती पुढे आली.

नावे

ताईचीच्या डावांची नावे वाचताना कवितासंग्रहाची अनुक्रमणिका वाचल्यासारखे वाटते. पांढरा क्रौंच पंख पसरतो. ढगांसारखे हात. सोनेरी कोंबडा एका पायावर. समुद्रतळाची सुई. वाघाला कवटाळून डोंगराकडे परत. यक्षकन्या धोटा फेकते. परदेशी वाचकाला ही नावे गूढ वाटतात. आपल्याला तशी वाटण्याचे कारण नाही. कुस्तीत आपण धोबीपछाड म्हणतो तेव्हा आखाड्यात कपडे धूत नसतो. दगडावर पिळा आपटणाऱ्या धोब्याचे चित्र एकदा मनात बसले की खांद्यावरून प्रतिस्पर्ध्याला कसे आणायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या शिपायांना आणि शेतकऱ्यांना डाव लक्षात राहावा, म्हणून चित्र.

छी चीग्वांगच्या यादीतला पहिला पवित्रा ‘लान चा यी’ असा आहे: अंगरख्याचा सोगा सहज कमरेत खोचणे. लांब झगा घालणाऱ्या माणसाला भांडणापूर्वी हेच करावे लागे. ‘कंबर कसणे’ या आपल्या वाक्प्रचारामागचे चित्र यापासून फार दूर नाही. छन घराण्यात हे नाव जवळजवळ तसेच टिकले. पुढे यांग घराण्यात त्याच जागी ‘लान छ्वे वेई’ म्हणजे ‘चिमणीची शेपटी पकडणे’ असे नाव दिसते. तोंडी परंपरेत उच्चार घसरला आणि घसरलेल्या उच्चाराला नवा अर्थ चिकटला, असे अनेक अभ्यासक मानतात. नंतरच्या काळात मात्र चिमणीची शेपटी किती अलगद धरावी यावर गंभीर भाष्ये लिहिली गेली.

छन घराण्याच्या प्रकारात दुसरे एक नाव आहे: ‘चिनकांग उखळात कांडतो’. उजवी मूठ वरून डाव्या तळव्यात येते, त्याच क्षणी पाय जमिनीवर आपटतो. उखळ डावा तळवा, मुसळ उजवी मूठ. चिनकांग हे संस्कृत ‘वज्र’ शब्दाचे चिनी भाषांतर, आणि इथे त्याचा अर्थ बौद्ध मंदिराच्या दारात उभा असणारा वज्रधारी रक्षक. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आपण ज्याला वज्रपाणी म्हणून ओळखतो, त्याच नामकुळातला हा चिनी द्वारपाल. भारताचा ठसा म्हणतो तो हा. डाव चिनी, जात्या-उखळाचे चित्र शेतकऱ्याचे, आणि ताकदीची प्रतिमा आपल्याकडून गेलेली.

आठ बळे

नावे शंभरावर असली तरी त्यांच्या मुळाशी मोजकीच बळे आहेत. परंपरा त्यांना तेरा म्हणते: हातांची व अंगाची आठ आणि पावलांची पाच. पावले म्हणजे पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि मध्यात स्थिर. आठ बळे अशी.

पहिले ‘फंग’. दंड आणि कोपरापुढचा हात छातीसमोर कमानीसारखा धरायचा, जणू हवा भरलेली रबरी नळी. समोरच्याने दाबले तर ती थोडी दबते, पण कोसळत नाही. फंग नसेल तर बाकीचे सातही व्यर्थ. दुसरे ‘ल्यू’. समोरच्याचा हात मनगटापाशी आणि कोपरापाशी हलका धरून, कमरेच्या वळणाने, त्याच्याच धावेच्या दिशेने आपल्या बाजूने मागे जाऊ द्यायचा. तिसरे ‘ची’. हा शब्दही वेगळा, अर्थ दाबून घुसणे. एका मनगटावर दुसऱ्या हाताचा तळवा टेकवून दोन्हींचे बळ एका फटीत घालायचे. चौथे ‘आन’. दोन्ही तळव्यांनी आधी किंचित खाली दाबून मग पुढे ढकलायचे. ही चार मुख्य.

उरलेली चार जवळच्या आणि कठोर लढाईची. ‘त्साय’ म्हणजे खुडणे, फळ तोडताना द्यावा तसा मनगटाला खाली अचानक हिसका. ‘लिए’ म्हणजे चिरणे. एकाच शरीरावर दोन विरुद्ध दिशांनी बळ, वरचा भाग इकडे आणि खालचा तिकडे. ‘चौ’ म्हणजे कोपर. ‘खाओ’ म्हणजे टेकणे, प्रत्यक्षात खांद्याची किंवा पाठीची धडक. जितके अंतर कमी, तितके हाताऐवजी कोपर आणि कोपराऐवजी खांदा. बसमध्ये गर्दीत उभे राहिलेल्याला हे तर्कशास्त्र समजावून सांगावे लागत नाही.

आता एक डाव उलगडून पाहू. ‘रानघोड्याची आयाळ विंचरणे’. बागेत पाहिले तर माणूस एक पाऊल पुढे टाकतो, एक हात वर-बाहेर जातो, दुसरा खाली मांडीजवळ येतो. सुंदर आणि निरुपद्रवी दिसते. आता समोर माणूस उभा करा. त्याने उजव्या हाताने ठोसा मारला. मी माझ्या उजव्या हाताने त्याचे मनगट घेऊन खाली ओढतो, हा त्साय. त्याच वेळी माझा डावा पाय त्याच्या पुढे आलेल्या उजव्या पायाच्या मागे जाऊन बसतो. माझा डावा हात त्याच्या काखेखालून छातीवर आडवा येतो आणि कंबर डावीकडे वळते, हा लिए. त्याची छाती मागे ढकलली जाते, पाय माझ्या मांडीने अडवलेला असतो. तो पाठीवर पडतो. बागेत मांडीजवळ आलेला हात म्हणजे ओढलेले मनगट, आणि वर गेलेला हात म्हणजे छातीवरचा अडसर.

असेच इतरही. ‘पिपा वाजवणे’ या डावात दोन हात एकापुढे एक येतात, पिपा हे तंतुवाद्य धरल्यासारखे. प्रत्यक्षात एक हात प्रतिस्पर्ध्याच्या मनगटावर आणि दुसरा त्याच्या कोपरावर असतो. दोन्ही विरुद्ध दिशांनी दाबले की सरळ झालेला कोपर उलटा वाकू लागतो. ‘समुद्रतळाची सुई’ म्हणजे कुणी मनगट घट्ट पकडले असता हात सरळ खाली सोडणे; पकडणारा हाताबरोबर पुढे झुकतो आणि त्याचा तोल जातो. ‘पांढऱ्या क्रौंचा’त पुढचा पाय नुसता टेकलेला असतो, त्यावर भार नसतो. ती शोभा नव्हे. भार नसलेला पाय क्षणार्धात लाथ मारू शकतो. रिते आणि भरलेले यांचा पायांतला अर्थ तो हा.

ऐकणारे हात

इथवर वाचून कुणाला वाटेल की प्रत्येक आकृतीचा अर्थ पाठ केला म्हणजे लढता येईल. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच होतो. वरच्या वर्णनात मी एक गोष्ट गृहीत धरली: समोरच्याने उजव्या हाताने, सरळ, माझ्या सोयीचा ठोसा मारला. खरा माणूस तसा मारत नाही. तो हात परत खेचतो, दुसऱ्या हाताने मारतो, अंगावर येतो. मग आयाळ विंचरायची की पिपा वाजवायचा, हे ठरवायला वेळ कुठे आहे?

ताईचीचे उत्तर आहे ‘थुएशौ’, शब्दशः ‘हात ढकलणे’. दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, मनगटे एकमेकांना टेकवतात आणि मुख्य चार बळांचे चक्र सुरू होते. मी दोन्ही तळव्यांनी ढकलतो, म्हणजे आन. तुम्ही ते फंगवर घेता आणि कंबर वळवून ल्यूने मला बाजूने जाऊ देता. माझा हात ओढला जातो, तर तीच ओढ पकडून मी ‘ची’ने आत घुसतो. तुम्ही ती घुसखोरी आनने खाली दाबून मोडता, आणि आता ढकलणारे तुम्ही. प्रत्येक बळ हे आधीच्याचे उत्तर असते आणि पुढच्याला प्रश्न. ‘चिमणीची शेपटी’ या डावात हीच चार बळे ओळीने येतात. एकट्याने करायच्या मालिकेत ठेवलेला तो दोघांच्या संवादाचा सारांश आहे.

या सरावाने जे कौशल्य येते त्याला ‘थिंगचिन’ म्हणजे ‘ऐकणारे बळ’ म्हणतात. टेकलेल्या त्वचेतून समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे, तो कुठे ताठ आहे, ढकलण्याआधी त्याने खांदा कधी आवळला, हे कळू लागते. स्पर्शाला दिलेला प्रतिसाद नजरेने पाहून दिलेल्या प्रतिसादापेक्षा किंचित लवकर निघतो, हे शरीरशास्त्रही सांगते. ऐकल्यानंतर ‘ह्वा’, म्हणजे आलेले बळ विरवणे, आणि त्यानंतर ‘फा’, म्हणजे आपले बळ सोडणे. हाच क्रम. ऐकणे वगळून थेट फा करायला गेलेला माणूस नुसता धक्काबुक्की करतो. आणि दोघांचे बळ एकाच जागी समोरासमोर आदळले, तर त्याला ‘दुहेरी भार’ हा दोष म्हणतात. तिथे जड माणूस जिंकतो, हलका हरतो, कलेला काही काम उरत नाही.

सराव संथ का, याचा खुलासाही इथे होतो. छन घराण्यात बळाला ‘रेशीम उलगडण्याचे बळ’ म्हणतात. कोषातून तंतू काढताना हिसका दिला तर तो तुटतो, ढिला सोडला तर गुंततो. एकसारखा फिरवत काढावा लागतो. टाचेपासून कंबर, कंबरेपासून खांदा, खांद्यापासून बोटे असा पीळ न तुटता नेता यावा म्हणून संथपणा. संथपणात चूक लपत नाही. एका पायावरून दुसऱ्यावर जाताना तोल कुठे डळमळतो, हे वेगात कळत नाही, सावकाशीत कळते. पण संथपणा ही शिकण्याची पद्धत होती, लढण्याची नव्हे. छन घराण्याच्या मालिकांत आजही संथ हालचालींमध्ये अचानक स्फोट होतात, पाय आपटले जातात, आणि त्यांची ‘तोफेचा ठोसा’ नावाची दुसरी मालिका बरीच वेगवान आहे.

मूठ कुठे गेली?

छनच्यागौमध्ये छन चांगशिंगकडे शिकलेला यांग लूछान (१७९९–१८७२) एकोणिसाव्या शतकात बीजिंगला आला आणि मांचू सरदारांच्या घरी शिकवू लागला. त्याचा नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) याने उड्या, आपटणे, स्फोट काढून टाकून मालिका आदीपासून अंतापर्यंत एकाच लयीत आणली, आणि तीच जगभर ताईची म्हणून ओळखली जाऊ लागली. तोवर चीनमध्ये बंदुकांनी मुठीचा व्यवहार संपवला होता. दुबळ्या राष्ट्राचे शरीर सुदृढ करणे हा नवा हेतू पुढे आला. १९२८ साली नानजिंगला राष्ट्रीय युद्धकलांची केंद्रीय संस्था स्थापन झाली ती याच भावनेतून. तरीही यांग छंगफूच्या नावावर १९३१ आणि १९३४ साली निघालेल्या पुस्तकांत प्रत्येक आकृतीचा लढाईतला उपयोग दिलेला आहे. अर्थ तेव्हा विसरला गेला नव्हता.

१९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग परंपरेवरून चोवीस आकृत्यांची सोपी मालिका तयार केली. पाच-सहा मिनिटांत होणारी, कारखान्यात, शाळेत, बागेत कुणालाही करता येणारी. आरोग्याच्या दृष्टीने हे मोठेच काम होते. पण त्यात एक वाटणी झाली. आकृती एकट्याने करता येते. तिचा प्रसार सोपा. थुएशौला जोडीदार लागतो, हात लावू देणारा शिक्षक लागतो, वर्षे लागतात. आकृती कोट्यवधींपर्यंत गेली, ऐकणारे हात थोड्यांकडे राहिले. २०२० साली युनेस्कोने ताईचीछुआनला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. कोणता भाग जपायचा हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट टोकदार होतो.

रिकामी झालेली जागा कल्पनेने भरली, आणि तिची सुरुवातही एका खऱ्या लढतीपासून झाली. १७ जानेवारी १९५४ रोजी मकावमध्ये वू घराण्याच्या ताईचीचे प्रमुख वू कुंगयी आणि श्वेत क्रौंच पद्धतीचे तरुण शिक्षक छन खफू यांच्यात मदतनिधीसाठी जाहीर लढत झाली. गोव्याप्रमाणेच मकावही तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. वू पन्नाशी ओलांडलेले. लढत दोन फेऱ्यांत थांबवली गेली, एकाचे नाक रक्तबंबाळ झाले, आणि पंचांनी जय, पराजय, बरोबरी यांपैकी काहीच नाही असा निकाल दिला. या लढतीचे चित्रण उपलब्ध आहे. मी ते अनेकदा पाहिले आहे. त्यात ना आयाळ दिसते, ना पिपा. दोन माणसे ताणाखाली हात फिरवताना दिसतात. पण लोकांची उत्सुकता इतकी होती की तीनच दिवसांनी हाँगकाँगच्या एका सायंदैनिकात लियांग यूशंग याची युद्धकलेवरची क्रमशः कादंबरी सुरू झाली. आधुनिक चिनी ‘वूशिया’ कादंबरीचा आरंभ तिथून मोजतात. पुढच्याच वर्षी त्याच वृत्तपत्रातला त्याचा सहकारी चिन युंग लिहू लागला आणि चिनी वाचकांचा सर्वांत लाडका कादंबरीकार झाला.

चिन युंगच्या १९६१ साली सुरू झालेल्या एका कादंबरीत वृद्ध चांग सानफंग ऐन संकटात नायकाला ताईची तलवार शिकवतो आणि किती लक्षात राहिले असे विचारत जातो. नायक सगळे विसरतो तेव्हाच तो तयार झाला असे ठरते. आकृती विसरून तत्त्व अंगी येणे, हे थिंगचिनचे याहून चांगले वर्णन मला ठाऊक नाही. पण कादंबरीत हे काही घटकांत होते. वाचक ती घटका उचलतो, तिच्यामागची वर्षे कादंबरीत नसतात.

याची किंमत २०१७च्या एप्रिलमध्ये चंगदू शहरात दिसली. शू शियाओतुंग या मिश्र युद्धकलांच्या लढवय्याने एका ताईची शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर पाडले. चित्रफीत जगभर फिरली. शूवर परंपरेचा अपमान केल्याची टीका झाली. दुसऱ्या बाजूने ताईची म्हणजे थोतांड असा निकाल लागला. मला दोन्ही निष्कर्ष उतावळे वाटतात. त्या अर्ध्या मिनिटात आकृती हरली. जो माणूस विरोध करणाऱ्या शरीराला रोज हात लावत नाही, त्याच्याकडे डाव नसतातच; त्यांच्या आठवणी असतात. हे मुष्टियुद्धालाही लागू आहे आणि कुस्तीलाही. फरक इतकाच, की पैलवानाला तालमीत रोज कुणीतरी पाडत असते, म्हणून त्याला स्वतःबद्दल भ्रम बाळगायला सवड मिळत नाही.

मग बागेतल्या आजींनी हे सगळे कशासाठी जाणून घ्यावे? त्यांना कुणाला पाडायचे नाही. पण त्यांच्यासाठीही हा अर्थ कामाचा आहे. मांडीजवळचा हात म्हणजे ओढलेले मनगट आहे हे कळले की तो हात लोंबकळत नाही, त्यात बळ येते, कंबर त्याच्यासाठी वळते, टाच जमिनीला धरते. घरातल्या ओल्या फरशीवर घसरताना तोल सावरणारे स्नायू तेच असतात. अर्थ काढून घेतला की हालचाल हळूहळू हातवारा होते, आणि हातवाऱ्याने ना माणूस पडतो, ना आपण पडता पडता वाचतो.

म्हणून ताईची शिकू पाहणाऱ्या ओळखीच्यांना मी एवढेच सुचवतो. शिक्षक कोणत्या घराण्याचा, त्याचा गुरू कोण, हे जरूर विचारा. पण त्याआधी पाहा, की तो विद्यार्थ्यांना एकमेकांच्या मनगटाला मनगट लावून उभे करतो का, आणि स्वतःला ढकलू देतो का. छी चीग्वांगने आपल्या खाणकामगारांना आणि शेतकऱ्यांना जे शिकवले त्यात गूढ काही नव्हते. बत्तीस चित्रे होती, आणि ती करून पाहायला शेजारी उभा असलेला दुसरा शिपाई होता. चित्रे आपल्यापर्यंत पोचली आहेत. दुसरा माणूस आपला आपण शोधायचा आहे.